धुराची परतवाट

डिझेल इंजिनाच्या एका अंगास ताजी हवा आत घेणारी आणि दुसऱ्या अंगास जळालेला वायू बाहेर टाकणारी अशा ज्या दोन वाटा असतात, त्यांना जोडणारी, मनगटाहूनही बारीक अशी एक तिसरी नळी गेल्या पंचवीस वर्षांत आपल्याकडील पुष्कळशा डिझेल मोटारींत आणि जीपगाड्यांत येऊन बसली आहे. इंजिनाने टाकलेल्या धुराचा काही अंश तिच्यातून पुन्हा इंजिनातच नेला जातो, आणि तो केव्हा व किती न्यावयाचा हे तिच्या तोंडाशी असलेली एक झडप ठरविते. गॅरेजात या साऱ्या योजनेस ‘ईजीआर’ एवढ्याच नावाने ओळखतात. कंपनीने ही नळी बसवावी, सरकारी चाचणीत तिच्यासह गाडी मंजूर व्हावी, आणि गाडी रस्त्यावर येऊन दोन-चार पावसाळे उलटले की मालकाने ती मेस्त्र्याकडून पत्रा घालून बंद करून घ्यावी, असा एक रिवाजच आपल्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत रूढ झाला. या रिवाजात मालकांच्या बेफिकिरीचा वाटा आहेच. परंतु त्याहून मोठा वाटा ज्या तपासणीने डोळ्यांना दिसणारा धूर मोजला आणि न दिसणारा वायू कधी मोजलाच नाही त्या तपासणीचा आहे, असे माझे मत बनले आहे, आणि ते का बनले हे सांगावयाचे तर आरंभ फार दूरच्या एका शहरापासून करावा लागतो.

२६ जुलै १९४३ रोजी, महायुद्ध ऐन भरात असताना, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजेलिस शहरात भर दिवसा असे काही दाट आणि झोंबणारे धुके उतरले, की रस्त्यावरून चालणाऱ्यांचे डोळे चुरचुरू लागले, घसे धरले आणि समोरच्या इमारती दिसेनाशा झाल्या. जपानने विषारी वायूचा हल्ला केला, अशी शंका पुष्कळांना आली. ती फिटल्यावर लोकांचा रोष ॲलिसो स्ट्रीटवरील कृत्रिम रबरासाठी ब्यूटाडाइन बनविणाऱ्या एका कारखान्यावर वळला. पण तो कारखाना काही काळ बंद ठेवूनही धुके हटले नाही, तेव्हा शहरातील विचारी मंडळी गोंधळून गेली. १९४७ साली परगण्याच्या हद्दीत हवेच्या बंदोबस्तासाठी स्वतंत्र खाते निघाले, कारखान्यांच्या धुराड्यांवर आणि घरोघरी परसात कचरा जाळण्यावर हळूहळू निर्बंध आले, आणि तरीही कडक उन्हाच्या दिवशी ते पिवळसर तपकिरी पटल डोंगरांच्या कुशीत साचून राहतच असे.

या कोड्याची उकल ज्याने केली तो हवामानाचा वा इंजिनांचा पंडित नव्हता. आरी यान हागेन-स्मिट हा मूळचा नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथला जीवरसायनशास्त्रज्ञ, कॅलटेक या संस्थेत अननसाला त्याचा विशिष्ट गंध कोणत्या द्रव्यांमुळे येतो याचा अभ्यास करीत होता. अननसांवरची हवा अतिशय थंड नळ्यांतून ओढून तिच्यातील सुगंधी द्रव्ये गोठवून घ्यावयाची, ही त्याची रीत. हीच रीत त्याने शहराच्या हवेला लावली, तेव्हा नळ्यांत एक तपकिरी, उग्र वासाचा द्रव जमला. पुढे त्याने प्रयोगांनी दाखवून दिले, की पेट्रोलच्या अर्धवट जळलेल्या वाफा आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाश पडला म्हणजे त्यांतून ओझोन उत्पन्न होतो. तो पालकाची आणि इतर कोवळ्या भाज्यांची पाने करपवितो, ताणलेल्या रबराच्या पट्टीला भेगा पाडतो, आणि माणसाच्या डोळ्यांत व फुप्फुसांत हेच काम करतो. तेल-उद्योगाच्या पैशावर संशोधन करणाऱ्या मंडळींनी या निष्कर्षाला जोराची हरकत घेतली, आणि या विद्वानाने अननस सोडून उरलेले आयुष्य धुरामागे घातले त्यास ही हरकतही कारणीभूत झाली असावी. ज्या दोन पदार्थांच्या संयोगाने हे घडत होते, ते दोन्ही एकाच ठिकाणाहून, म्हणजे शहरातील लक्षावधी मोटारींच्या सायलेन्सरमधून येत होते. कोणा एका कारखान्याला टाळे ठोकून सुटण्याजोगा हा प्रश्न नव्हता. दोष दारोदार वाटला गेला होता.

कॅलिफोर्नियाने १९६६ सालच्या गाड्यांपासून सायलेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या वायूंवर पहिली मर्यादा घातली, ती न जळलेल्या इंधनवाफा आणि कार्बन मोनॉक्साइड या दोहोंपुरती. कारखानदारांनी इंधन कमी आणि हवा अधिक असे मिश्रण जाळून ती पाळली. परंतु याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. हवेतील नायट्रोजन आणि प्राणवायू हे एरवी शेजारी राहूनही एकमेकांशी संयोग पावत नाहीत. उष्णतामान सुमारे दीड हजार अंश सेल्सियसच्या पुढे गेले म्हणजे मात्र त्यांचा संयोग झपाट्याने होऊ लागतो, आणि तो कोणत्या क्रमाने होतो हे रशियन पदार्थवैज्ञानिक याकोव झेल्दोविच याने १९४० च्या दशकातच मांडून ठेवले होते. इंधन अधिक पूर्णपणे जळू लागले, ज्वाला अधिक तापल्या, आणि ज्या गाड्या एका अर्थाने स्वच्छ झाल्या होत्या त्यांतून नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र पूर्वीपेक्षा जास्त निघू लागली. एक दोष काढताना दुसरा वाढावा, हा या विषयातील पेच तेव्हापासून आजतागायत सुटलेला नाही.

त्यावर जी तोड निघाली तीच ही परतवाट. जळून गेलेल्या वायूत प्राणवायू थोडा उरलेला असतो, आणि कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ पुष्कळ असते. हे दोन्ही उष्णता भरपूर शोषतात आणि स्वतः जळत नाहीत, म्हणून भडकलेल्या चुलीत मूठभर राख टाकली असता जाळ शमावा, तसा ताज्या हवेत मिसळलेला हा जुना वायू ज्वालेचे कमाल उष्णतामान खाली आणतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील प्रयोगशाळेत कोपा आणि त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या सुमारास याविषयी पद्धतशीर प्रयोग केले, आणि धूर परत पाजल्याने पिस्टनच्या रिंगा किती झिजतात याचीही तपासणी त्याच काळात त्यांनी करून पाहिली. इंजिन स्वतःच्याच धुराने खराब होईल, ही भीती परतवाटेइतकीच जुनी आहे.

१९७० सालाच्या अखेरच्या दिवशी अध्यक्ष निक्सन यांनी स्वच्छ हवेच्या नव्या कायद्यावर सही केली, आणि १९७३ सालच्या गाड्यांसाठी नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा मैलामागे ३ ग्रॅम ठरली; ती पाळण्यासाठी अमेरिकेतील बहुतेक नव्या पेट्रोल गाड्यांत ईजीआरची झडप आली. काळ मोठा प्रतिकूल होता. झडपेची रचना बाल्यावस्थेत होती. गाडी थंड असताना अडखळे, सिग्नलवर सुटताना दम धरीत नसे, आणि नेमक्या त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेलाची नाकेबंदी केल्यामुळे पेट्रोलच्या पंपांवर रांगा लागल्या. गाडी तेल जास्त खाते आणि ओढत नाही, याचे खापर मालकांनी या नव्या झडपेवर फोडले. त्यात तथ्य किती होते याची शहानिशा करण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हता.

ही झडप निर्वात नळीच्या ओढीने उघडत असे. तेव्हा घरोघरच्या हुन्नरी माणसांनी जी युक्ती काढली ती अशी, की ती रबरी नळी क्षणभर उपसावयाची, तिच्या पोकळीत सायकलच्या बेअरिंगमधील असते तशी एक पोलादी गोळी, नाही तर गोल्फच्या चेंडूखाली रोवतात ती लाकडी खुंटी सरकवावयाची, आणि नळी होती तशी जागेवर बसवावयाची. तपासनीसाने बॉनेट उघडून पाहिले, तरी झडप आहे, नळी आहे, दोन्ही जोडलेल्या आहेत. आत गोळी अडकली आहे हे त्याला कळावे कसे? कायद्याचा मागोवाही यामागून सावकाश आला. आरंभी अशा छेडछाडीवरील बंदी कारखानदार आणि विक्रेते यांच्यापुरती होती. १९७७ सालच्या दुरुस्तीने ती गॅरेजवाल्यांना लागू झाली. आणि स्वतःच्या दारात उभ्या असलेल्या स्वतःच्या गाडीशी मालकाने असा खेळ करू नये, हे स्पष्ट शब्दांत म्हणावयास १९९० साल उजाडावे लागले.

येथवर जे सांगितले ते पेट्रोलच्या गाडीचे. डिझेलच्या इंजिनाची प्रकृतीच निराळी. रुडॉल्फ डिझेल याचे इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे अधिकृत चाचणीस उतरले तेव्हा त्याने इंधनातील उष्णतेचा २६ टक्क्यांहून अधिक भाग कामी लावून दाखविला, आणि त्या काळच्या वाफेच्या इंजिनांपुढे हा आकडा थक्क करणारा होता. ही काटकसर ज्या प्रचंड दाबातून आणि उष्णतामानातून येते, तेथेच नायट्रोजनची ऑक्साइडेही उपजतात. शिवाय डिझेलच्या सिलिंडरात इंधनाचा फवारा आणि हवा यांचे मिश्रण एकसारखे नसते; फवाऱ्याच्या गाभ्यात प्राणवायूची टंचाई असते व तेथे काजळी धरते, तर त्याच्या कडेला ज्वाला अतिशय तापते आणि तेथे ऑक्साइडे बनतात. परतवाट उघडली की ऑक्साइडे घटतात व काजळी वाढते. मिटली की काजळी घटते व ऑक्साइडे वाढतात. या दोन वाक्यांत पुढील साऱ्या कथेचे मर्म आहे, कारण काजळी दिसते आणि ऑक्साइडे दिसत नाहीत.

मोठमोठ्या कारखानदारांनाही हा पेच नीतीने सोडविता आला नाही, हे येथेच सांगितले पाहिजे. १९९८ साली अमेरिकी सरकारने अवजड डिझेल इंजिनांच्या सात उत्पादकांशी तडजोड केली, कारण सुमारे १३ लाख इंजिनांतील संगणकी व्यवस्था प्रयोगशाळेतील चाचणीत एक वर्तन करीत असे आणि हमरस्त्यावर एकसारख्या वेगाने धावताना, डिझेल वाचविण्यासाठी, दुसरेच. या सातांतील कमिन्स हे नाव पुणेकरांना परके नाही, किर्लोस्करांशी भागीदारी करून त्यांनी १९६२ साली पुण्यातच इंजिनांचा कारखाना काढला होता. आठ कोटी चौतीस लाख डॉलरांचा दंड झाला, आणि ऑक्टोबर २००२ पासून अमेरिकेतील नव्या मालट्रकांत पाण्याने थंड केलेल्या धुराची परतवाट सर्रास दिसू लागली.

महाराष्ट्रात ही परतवाट आली ती इंजिन उघडण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असलेल्या मुलखात. साताऱ्याचे धनजीशा कूपर, जे पुढे १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झाले, त्यांच्या लोखंडी नांगर करणाऱ्या कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिने बनू लागली, आणि १९४६ साली खडकीस किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. विहिरीवरील मोटेच्या जागी ही इंजिने आली तेव्हा त्यांच्याबरोबर गावोगाव एक नवा कारागीरवर्ग जन्मास आला. सुतार-लोहारांच्या घरांतील पोरे नोझल साफ करू लागली, रिंगा बदलू लागली, टॅपेट जुळवू लागली, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात तर मूळ कंपनीच्या तोडीचे सुटे भाग ओतून देणारी दुकाने उभी राहिली. ते इंजिन मंदगतीचे आणि सोशीक होते. त्यात काही बदलावेसे वाटले तर कारागीर ते आपल्या अक्कलहुशारीने बदलत असे, आणि त्याचा बरा-वाईट परिणाम संध्याकाळपर्यंत पाटाच्या पाण्यात आणि डब्यातील उरल्या तेलात त्याला दिसत असे. माझ्या समजुतीप्रमाणे आपल्या मेस्त्र्यांचे सारे शास्त्र या प्रत्ययावर उभे आहे: पाणी वाढले, तेल वाचले, आवाज सुधारला, म्हणजे केले ते बरोबर. पुढे याच हातांखाली मॅटाडोर आली, जीप आली, सुमो आली, आणि ही कसोटी तशीच चालू राहिली. ज्या वस्तूचा लाभ गाडीच्या मालकाला न होता शहराच्या हवेला होतो, तिला या कसोटीत जागा नव्हती.

सरकारदरबारी या हवेची फिकीर थोडी उशिरा सुरू झाली. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ साली झाले; डिझेल गाड्यांतून निघणाऱ्या वायूंवर वजनाच्या हिशेबाने मर्यादा आली ती १९९२ साली; आणि २००० सालापासून युरोपी धर्तीच्या, पुढे ‘भारत स्टेज’ म्हणून ओळखल्या गेलेल्या, पायऱ्या लागू झाल्या. २००१ साली केंद्र सरकारने वाहनांच्या इंधनाविषयी धोरण ठरविण्यासाठी डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. गोव्यातील माशेल गावी जन्मलेला आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालकपद भूषविलेला हा शास्त्रज्ञ; त्यांच्या समितीने २००२ साली जो आराखडा दिला, त्याचे मोठे श्रेय असे, की गाडीचा नियम आणि डिझेलचा दर्जा या दोन गोष्टी एकमेकींशी बांधल्या पाहिजेत हे तिने स्पष्ट केले. १९९६ पूर्वी आपल्याकडील डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण एक टक्क्यापर्यंत चालत असे, म्हणजे दहा लाख भागांत दहा हजार. ते उतरत उतरत भारत स्टेज तीनच्या डिझेलात ३५० वर, चारच्या डिझेलात ५० वर आणि सहाच्या डिझेलात १० वर आले. गंधकाचा आणि परतवाटेचा संबंध थेट आहे. गंधक जळून जे द्रव्य बनते त्याचे, धूर थंड होताना, पाण्याच्या वाफेशी मिळून तेजाब होते, आणि ते झडपेला व धूर थंड करणाऱ्या नळ्यांना आतून खाते.

येथेच या रिवाजाचे एक कारण दडलेले आहे. २०१० साली भारत स्टेज चार हा नियम सगळ्या देशात लागू न होता तेरा शहरांत लागू झाला, आणि त्यांत मुंबई, पुणे यांच्या जोडीला आमचे सोलापूरही होते; उरलेल्या मुलखाला स्टेज तीन. मुंबईची आणि पुण्याची गाडी काही त्या हद्दीत राहत नाही. पुण्यात ५० भाग गंधकाच्या तेलासाठी बनलेली मोटार साताऱ्याच्या पुढे ३५० भागांचे तेल भरी, गणपतीला कोकणात जाई, लग्नसराईत मराठवाड्यात फिरे. आणि उरलेले महिने ती शहरातील कोंडीत, दुसऱ्या गिअरच्या पुढे न जाता, शाळा-कचेरी-मंडई एवढेच अंतर कापी, की ज्यात इंजिन कधी पुरते तापत नाही आणि काजळी कधी जळून जात नाही. सारा देश एका इंधनावर आला तो १ एप्रिल २०१७ रोजी. मधल्या सात वर्षांत डिझेल पेट्रोलहून बरेच स्वस्त असल्यामुळे डिझेल मोटारींची विक्री भराला आली होती. १३०० सीसीचे एक लहान डिझेल इंजिन रांजणगावच्या कारखान्यातून निघून निरनिराळ्या कंपन्यांच्या मोटारींत बसत होते, आणि ज्या घरांत पूर्वी स्कूटर होती त्या घरांत डिझेलची मोटार आली होती. परतवाट बुजण्याचा आणि बुजविण्याचा हा सुकाळ होता.

पुण्याच्या नाना पेठेत, सुट्या भागांच्या दुकानांमागील एका बोळात, हे काम मी जवळून पाहिले आहे. मेस्त्र्याने झडप खोलून माझ्यासमोर धरली तेव्हा तिच्या तोंडातून बोटभर वाटही उरली नव्हती. धुरातील काजळी आणि इंजिनाच्या पोटातून येणारी ऑइलची वाफ यांचा मिळून डांबरासारखा, बोटाला चिकटणारा, करपट वासाचा थर तेथे चढला होता, आणि झडपेची दांडी त्यात अर्धवट उघडी अशी रुतून बसली होती. त्याने जुने पॅकिंग एका पत्र्यावर ठेवले, खिळ्याने त्याची कड कोरून घेतली, कात्रीने पत्रा कापला, बोल्टांची दोन भोके पाडली, मधले भोक मात्र पाडले नाही, आणि तो तुकडा दोन पॅकिंगांच्या मध्ये घालून बोल्ट आवळले. अर्ध्या तासाचे काम. ‘‘स्वतःचाच धूर पाजल्यावर इंजिन टिकायचं कसं, साहेब?’’ असे तो म्हणाला, आणि त्याच्या हातातील ती झडप पाहता त्याला लगेच उत्तर देणे कठीण होते. गाडी चालवून आलेल्या मालकाच्या चेहऱ्यावर समाधान होते. पिकअप सुधारला होता, आणि सायलेन्सरमधला काळा भपकाराही गेला होता.

मालकाचा हा अनुभव खोटा नव्हता, पण त्याने काढलेला अर्थ अपुरा होता. पायाखालचे पेडल पूर्ण दाबले असता कंपनीची व्यवस्था परतवाट आपण होऊनच मिटविते. तेव्हा पत्र्याने इंजिनाची मूळ ताकद वाढत नाही. वाढते ती बिघडलेल्या झडपेने घालविलेली ताकद, आणि ती झडप नुसती साफ केली असती तरीही परत आली असती. जुन्या, निर्वात नळीवर चालणाऱ्या रचनेत पत्रा घातल्याचे इंजिनाला कळतही नसे. नव्या गाड्यांत मात्र आत येणारी हवा मोजणारा एक सेन्सर असतो. परतवाट उघडली की ताज्या हवेचा ओघ तेवढा घटला पाहिजे, तो घटला नाही तर संगणक समजतो की वाट बंद आहे, आणि समोरचा पिवळा दिवा लावतो. त्यावर आमच्या कारागिरांनी पत्र्याला मध्यभागी एक बारीक छिद्र ठेवण्याची युक्ती काढली, म्हणजे सेन्सरचे समाधान व्हावे एवढाच धूर परत जावा. आणि जेथे तेही चालेना तेथे लॅपटॉप घेऊन येणारी तरुण मंडळी संगणकातील ते प्रकरणच पुसून देऊ लागली. अमेरिकेतील पोलादी गोळी आणि पुण्यातील छिद्राचा पत्रा यांत सुमारे चाळीस वर्षांचे आणि अर्ध्या पृथ्वीचे अंतर आहे, आणि दोघांचे कर्ते एकमेकांना ठाऊकही नव्हते.

असा पत्रा घातलेली गाडी मग पीयूसी काढावयास जाते. डिझेल गाडीची पीयूसी म्हणजे इंजिन उभ्या जागी, गिअरविना, झटक्याने पूर्ण रेस करावयाचे, आणि सायलेन्सरच्या धुरातून प्रकाशाचा झोत सोडून तो किती अडतो हे पाहावयाचे. अडतो तो काजळीने. नायट्रोजन ऑक्साइड हा निर्वर्ण वायू आहे, आणि यंत्रात तो मोजण्याची सोयच नाही. परतवाट बंद केली म्हणजे काजळी कमी होते, असे वर म्हटले आहे. सबब ज्या गाडीने शहराच्या हवेत विषाची भर घातली तीच गाडी सरकारी यंत्रासमोर अधिक स्वच्छ ठरून, शिक्क्यानिशी दाखला घेऊन बाहेर पडते, आणि ज्याने झडप इमानाने जागेवर ठेवली त्याची गाडी प्रसंगी नापास होते. मेस्त्र्याने आपल्या गिऱ्हाइकाला ‘‘बघा, आता रीडिंग किती खाली आलं’’ असे सांगितले तर तो खोटे बोलत नाही. कायद्याने डोळे दिले ते धुरासाठी, आणि कारागीर त्या डोळ्यांना पटेल असेच काम करीत आला. याचा दोष मी एकट्या कारागिरावर ठेवावयास तयार नाही.

विशेषतः १८ सप्टेंबर २०१५ नंतर तर नाहीच. त्या दिवशी अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने फोक्सवॅगन कंपनीवर नोटीस बजावली, आणि जगभरच्या सुमारे एक कोटी दहा लाख मोटारींत चाचणी ओळखणारी आज्ञावली घातल्याचे कंपनीने पुढे मान्य केले. प्रयोगशाळेच्या रुळांवर गाडी आहे असे दिसले की ऑक्साइडे रोखण्याची व्यवस्था पुरती चालावयाची आणि रस्त्यावर आली की ती, परतवाटेसह, ढिली पडावयाची. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या लहानशा पथकाने गाडीच्या मागील भागात मोजणीची यंत्रे बांधून रस्त्यावर फेऱ्या मारल्या, आणि एका गाडीत हा वायू मर्यादेच्या १५ ते ३५ पट निघाला. भारतात तपासणी पुण्यात, वेताळ टेकडीवरील एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने केली. सुमारे सव्वातीन लाख गाड्या परत बोलाविण्याचे जाहीर झाले. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने पाचशे कोटींचा दंड फर्मावला, आणि नियमभंग झालाच नाही असे म्हणत कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली असता वसुलीसाठी सक्ती करू नये असा हुकूम झाला. नाना पेठेतील पत्रा उघडपणे बोल्ट आवळून बसविलेला तरी असतो.

यापुढील मजल थोडक्यात सांगता येईल. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झाले. डिझेल मोटारीला किलोमीटरमागे ऑक्साइडांची जी मर्यादा स्टेज चारमध्ये ०.२५ ग्रॅम होती ती ०.०८ वर आली, आणि एकट्या परतवाटेच्या भरवशावर ती पाळणे अवघड झाल्याने काजळी धरणारे गाळणे आणि युरियाचे द्रावण यांची जोड आली. २०२३ च्या एप्रिलपासून नव्या गाडीची परीक्षा प्रयोगशाळेबाहेर, खऱ्या रस्त्यावरही होऊ लागली, हे फोक्सवॅगन प्रकरणाचे एक चांगले फळ. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन, गाडीत परवानगीविना फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. परंतु दंडाने एकट्याने काय साधते, हे अमेरिकेच्या हिशेबावरून दिसते: तेथील पर्यावरण खात्याने २०२० साली काढलेल्या अंदाजाप्रमाणे त्या आधीच्या दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांवरून प्रदूषणरोधक साधने काढून टाकण्यात आली, आणि त्यापायी त्या गाड्या आपल्या आयुष्यात ५,७०,००० टनांहून जास्त जादा ऑक्साइडे हवेत सोडतील. तेथे कायदा आपल्याहून जुना आहे आणि दंडही कितीतरी जड आहे.

आपल्याकडे मात्र या चार-सहा वर्षांत गॅरेजातील वारे थोडे फिरलेले मला आढळते, आणि त्याचे कारण दंडाचे भय नाही. सहाव्या पायरीच्या गाडीत एका ठिकाणी पत्रा घातला की दुसऱ्या तीन ठिकाणचे सेन्सर तक्रार करतात, गाडी मुद्दाम मंद धावू लागते, आणि गिऱ्हाईक परत दारात येते. म्हणून मेस्त्री आता झडप बुजविण्याऐवजी साफ करून देऊ लागले आहेत. झडप आणि मॅनिफोल्ड उतरवून, जाळीच्या टोपलीत घालून, रात्रभर क्लीनरमध्ये भिजत ठेवावयाचे, सकाळी पितळी ब्रशाने थर खरवडून हवेने फुंकावयाचे, नवी पॅकिंगे घालून बसवावयाचे, आणि स्कॅनर लावून झडप पूर्ण उघडते-मिटते की नाही हे पाहून मगच गाडी सोडावयाची, असे हे काम आहे. पत्र्याहून ते महाग पडते आणि वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा करावे लागते. पीयूसीच्या यंत्राला ऑक्साइडे मोजण्याची एक नळी जोडण्याचा निर्णय सरकारने घेतला, तर ही महाग वाट धरणाऱ्या मेस्त्र्याला आणि त्याच्या गिऱ्हाइकाला त्याच दाखल्यावर प्रथमच काही श्रेय मिळेल; ती नळी उपलब्ध आहे, पुण्यातच रोज वापरात आहे, आणि तिची तजवीज सहाव्या पायरीच्या जुन्या होत चाललेल्या गाड्यांसाठी आजच व्हावी असे मला वाटते.